नेटिव्ह लायब्ररी सापडत नसल्यास करावयाचे उपाय (संध्याकाळपर्यंत पुरतील असे)

जावामध्ये ओपनसीव्ही चालवायला घ्यावे, आयडीईतला हिरवा त्रिकोण दाबावा आणि खाली लाल अक्षरांत 'अनसॅटिस्फाइड लिंक एरर' उमटावा. अशा वेळी मन शांत ठेवावे आणि एररचा मजकूर मुळीच वाचू नये. वाचल्यास काम दहा मिनिटांत उरकण्याचा धोका असतो.

प्रथम आयडीई बंद करून पुन्हा उघडावे. फरक पडत नाही, पण चहा होतो. मग जार फाइल काढून पुन्हा जोडावी. जारचा काही दोष नसतो. तिच्यातले क्लास मिळाले म्हणून तर प्रोग्रॅम नेटिव्ह लायब्ररी मागवणाऱ्या लोडलायब्ररीच्या ओळीपर्यंत पोचला. हरवलेली असते ती ही लायब्ररी: विंडोजवर डीएलएल, लिनक्सवर एसओ, मॅकवर डायलिब. तरी जारच बडवावी, ती हाताशी असते.

आता लायब्ररीच्या नावाकडे वळावे. लोडलायब्ररीला नुसते मधले नाव हवे असते, लिनक्सवर पुढचे 'लिब' आणि मागचे 'डॉट एसओ' जावा स्वतः लावते. आपण मात्र पूर्ण नाव द्यावे, म्हणजे ती बिचारी 'लिबलिब'ने सुरू होणारी आणि 'डॉट एसओ डॉट एसओ'ने संपणारी फाइल डिस्कभर नव्हे, पण नेमून दिलेल्या फोल्डरांत इमानेइतबारे शोधते.

ते फोल्डर म्हणजे 'जावा.लायब्ररी.पाथ'. तो रन कॉन्फिगरेशनमधल्या व्हीएम ऑप्शन्समध्ये लिहायचा असतो. अनुभवी मंडळी तो प्रोग्रॅम आर्ग्युमेंट्समध्ये लिहितात. तिथे तो मेन मेथडच्या हाती पडतो आणि मेनला त्याचे काय करावे ते कळत नाही. फोल्डरऐवजी थेट फाइलचा पत्ता दिल्यास आणखी अर्धा तास सहज निघतो. सेटप्रॉपर्टीने पाथ बदलण्याचा मार्गही उत्तम: व्हर्च्युअल मशीनने तो सुरुवातीलाच वाचून ठेवलेला असतो, नंतरच्या विनवण्या ती ऐकत नाही.

लिनक्सवाल्यांनी 'माझ्या टर्मिनलवर तर चालते' असे ठणकावून सांगावे. चालणारच. एलडी-लायब्ररी-पाथ बॅशआरसीत लिहिलेला असतो, आणि आयकॉनवर क्लिक करून उघडलेल्या आयडीईने बॅशआरसीचे तोंडही पाहिलेले नसते.

विंडोजवर 'डिपेंडंट लायब्ररीज सापडत नाहीत' असे आले, तर पाथ पुन्हा पुन्हा तपासावा. आपली फाइल सापडलेलीच असते, तिला लागणारी दुसरी डीएलएल, बहुधा व्हिज्युअल सी प्लस प्लसचा रनटाइम, बेपत्ता असते. एम-१ मॅकवर इंटेलसाठीचा जेडीके आणि आर्मसाठीची डायलिब यांचा संसार लावून पाहावा. तो होत नाही.

सगळे उपाय थकले की डीएलएल उचलून सिस्टीम-३२ मध्ये टाकावी. हा उपाय चालतो, हीच त्याची खोड. डीएलएल तिथेच राहू द्यावी. ओपनसीव्हीची आवृत्ती बदलल्यावर कुठली फाइल कुठून आली, हे शोधण्याचे काम पुढच्या माणसाला मिळते.