बाबांना पदवी मिळाली

लेस्टर, इंग्लंड

ती. सौ. आईस,
मंजूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, आम्ही सगळे खुशाल आहोत. फोनवर बोलताना बाबा शेजारीच बसून कान देतात, म्हणून हा कागदाचा खटाटोप. विषय अर्थातच बाबा.

त्यांना इथे पदवी मिळाली आहे. गाँगूझलर! कुठल्या गंगूबाईशी संबंध नाही, अस्सल इंग्रजी शब्द आहे. आजवर कराडात कोणाला मिळाली नसणार.

झालं असं, की सतीश एका रविवारी म्हणाला, फॉक्स्टनला लॉक्स बघायला जाऊ. बाबा म्हणाले, "कुलपं काय बघायची? अलिगढची थोडी आहेत का आपल्याकडे?" ही कुलपं कालव्यातली, हे कळल्यावर मात्र चहा अर्धा टाकून बूट घालायला उठले. जन्म पाटबंधारे खात्यात गेलेला माणूस तो.

लॉक म्हणजे दोन्हीकडे दारं असलेला लांबोडका हौद. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, वरचं पाणी आत सोडायचं की बोट आपोआप वर येते. फॉक्स्टनला असे 10 हौद टेकडीवर पाच-पाचच्या दोन माळांत चढवलेत. माळेतल्या खालच्या हौदाचं वरचं दार तेच वरच्या हौदाचं खालचं. 1814 सालचं बांधकाम, अजून चालू! बोट 75 फूट वर चढायला पाऊण-एक तास लागतो आणि बोटवाले स्वतःच चक्रं फिरवत, दारं ढकलत जातात. पाणी सोडायच्या झडपांना लाल आणि पांढरा रंग दिलाय. आधी लाल उघडायची, मग पांढरी. उलट केलंत तर पाणी नको तिथे जातं. बाबांना हे एकदाच सांगावं लागलं. आता ते इतरांना सांगतात.

दार उघडायला त्याला एक लांब लाकडी तुळई असते. तिला पाठ लावून मागे रेटायचं. पाय घसरू नयेत म्हणून जमिनीत विटांच्या उंच पट्ट्या अर्धगोलात बसवल्यात. मी तिथे कितीदा गेले असेन, मला त्या कधी दिसल्या नव्हत्या. बाबांनी उकिडवं बसून त्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बांधणारा नुसता कंत्राटदार नव्हता."

मग काय, रोज फॉक्स्टन. सतीश कामाला जाताना वाट वाकडी करून त्यांना सोडतो. डब्यात पोळीभाजी. एकदा शेजारच्या म्हातारबाईंनी विचारलं, "तुमचे वडील दिवसभर असतात कुठे?" मी सांगितलं. त्या हसून म्हणाल्या, "अच्छा, गाँगूझलर!" मला वाटलं, शिवी दिली. घरात येऊन आधी शब्दकोश काढला.

अर्थ असा: कालव्याकाठी उभं राहून, काहीही न करता, बोटींकडे बघत बसणारा माणूस. 1904 साली डी सॅलिस नावाच्या गृहस्थांनी इंग्लंड-वेल्सच्या कालव्यांवर जाडजूड पुस्तक केलं, त्यातल्या शब्दसूचीत तो आहे. रिकामटेकडा, भोचक आणि टक लावून बघणारा, अशा थाटात. काही जाणकार त्याचा उगम लिंकनशरच्या बोलीतल्या दोन शब्दांत शोधतात, आणि त्या दोन्हींचा अर्थ टक लावून बघणं हाच! म्हणजे एका बघण्याने भागेना म्हणून दोन जोडले. पूर्वी बोटवाले काठावरच्या रिकाम्या लोकांना चिडवायला म्हणत, आता लोक स्वतःच कौतुकाने म्हणवून घेतात.

आपल्याकडे ह्याला बघ्या म्हणतात, आणि बघ्यांना आपण काय किंमत देतो ते तुला माहीतच आहे. रस्त्यात जेसीबी खणत असला की बाबा तासभर उभे, आणि तू गॅलरीतून, "अहो, दूध उतू जातंय!" इकडे त्याच गुणाला शब्दकोशात जागा. मी अर्थ वाचून दाखवला तर बाबांनी मान डोलावली आणि म्हणाले, "रिकामटेकडा कापून टाक, बाकीचं बरोबर आहे."

खरी अडचण पुढेच आहे. गाँगूझलरने फक्त बघायचं असतं. बाबा सूचना करतात! लॉकवरच्या स्वयंसेवकांकडे बोटींच्या क्रमाची यादी असते, तर बाबांनीही वहीत आपली वेगळी यादी ठेवलीय: बोटीचं नाव, आत शिरायची वेळ, बाहेर पडायची वेळ आणि शेरा. परवा एका गोऱ्या जोडप्याच्या बोटीपुढे 'दिरंगाई' लिहिलं होतं. पाणी दोन्हीकडे सारखं होण्याआधीच कोणी दार ढकलू लागला की हे काठावरून "थांबा, थांबा!" ओरडतात, मराठीत. दहा माणसं लावली तरी ते दार तेव्हा हलत नाही, हे बाबांचं म्हणणं खरं असतं, म्हणून लोक ऐकूनही घेतात. एका स्वयंसेवकाने तर त्यांना चहा पाजला. तेव्हापासून आवाज आणखी चढलाय. चिनू आता आजोबांबरोबर यायला लाजतो.

वहिनीचं बाळंतपण नीट पार पडलं हे वाचून फार बरं वाटलं. बाळाचं टोपडं विणून झालंय, बाबांबरोबर पाठवते.

गणपतीच्या आत ते तिकडे पोचतील असं तिकीट काढलंय. "नवरात्रापर्यंत राहतो" म्हणून तुला गळ घालतील, तर हो म्हणू नकोस. आणि त्यांनी मागितली तरी खात्यातली ती पितळी शिट्टी कुरिअरने पाठवू नकोस. काल दोनदा तिची आठवण काढून झालीय.

तुझी,
मंजू