कौल न लावता यान उतरवू नये

यंदा चतुर्थीला भाचा मुंबईहून आला तो पाठीवरच्या पिशवीत प्लेस्टेशन घालून. गाडीत रात्रभर उभ्याने आलेला चाकरमानी सामान कमी करायचं तर कपडे कमी करतो, प्लेस्टेशन नाही. दुसऱ्या दिवशी आरती आटोपल्यावर टीव्हीवर एक राखाडी, टकलू, डोळे वटारलेला बुटका प्राणी अवतरला आणि समोरच्या शेतकऱ्याला त्याने नुसत्या नजरेने उचलून गोठ्यावर आपटलं.

"ह्यां काय रे?" आईने विचारलं.

"आज्ये, तो परग्रहावरून आलाय. माणसांना मारतो."

"कित्याक? त्येचो मान चुकलो काय?"

भाच्याकडे उत्तर नव्हतं. खेळ लिहिणाऱ्यांकडेही नसावं.

खेळाचं नाव 'डिस्ट्रॉय ऑल ह्युमन्स', म्हणजे सगळी माणसं संपवा. पहिल्यांदा आला २००५ साली. गोष्ट १९५९ च्या अमेरिकेतली, पण ती रचली ऑस्ट्रेलियात, पॅन्डेमिक नावाच्या कंपनीच्या ब्रिस्बेनच्या शाखेत. दुसऱ्याच्या घरातली लक्तरं दुसऱ्यालाच नीट दिसतात. पुढे २००९ मध्ये ही कंपनी बंद पडली, खेळ बाजारात आणणाऱ्या टीएचक्यूचंही दिवाळं वाजलं, आणि २०२० मध्ये एका जर्मन कंपनीने तोच खेळ नवा रंग देऊन पुन्हा बनवला. माणसं संपवायला निघालेला प्राणी ठणठणीत राहिला, त्याला जन्म देणारे संपले.

प्राण्याचं नाव क्रिप्टोस्पोरिडियम-१३७, लाडाने क्रिप्टो. हे नाव मूळचं एका परजीवीचं. घाण पाण्यातून पोटात जातो आणि हगवण लावतो. पावसाळ्यात विहिरीचं पाणी उकळून पिणाऱ्या गावाला या नावाची वेगळी ओळख करून द्यायला नको. १३७ म्हणजे त्याच नमुन्याची एकशे सदतिसावी प्रत. फ्यूरॉन नावाच्या त्याच्या जातीने अणुयुद्धं करकरून आपली पैदास करण्याची शक्ती घालवली आहे, म्हणून नकलेवर नक्कल काढणं चालू आहे आणि दर नकलेगणिक माल उतरत चालला आहे. अस्सल फ्यूरॉन बीज कुठे शिल्लक असेल तर ते माणसाच्या मेंदूत. कारण हजारो वर्षांपूर्वी त्यांचे लढवय्ये घरी परतताना पृथ्वीवर चार दिवस मौज करायला उतरले होते. बंदरात जहाज लागलं की काय होतं हे कुठल्याही बंदराच्या गावाने सांगावं.

तर या क्रिप्टोला मेंदू गोळा करायचे आहेत. तो एका शेतात उतरतो आणि समोर दिसलेल्या गायींनाच पृथ्वीचे सत्ताधारी समजून त्यांच्याशी बोलणी सुरू करतो. अमेरिकेत हा विनोद आहे. संध्याकाळी आमच्या बाजारात रस्त्याच्या मधोमध रवंथ करत बसलेली गुरं आणि त्यांना अदबीने वळसा घालून जाणारी सरकारी गाडी त्याने पाहिली असती, तर त्याचा समज पुढेही सुधारला नसता.

मला या खेळातलं आवडलं ते सरकार. यान घरं पाडतं, किरण माणसं जाळतात, आणि काळ्या सुटातली गुप्त खात्याची माणसं येऊन लोकांना सांगतात की हे कम्युनिस्टांचं काम आहे. लोकांना पटतं. आपल्याकडे खापर फोडायला पुरेसे कम्युनिस्ट उरले नाहीत, त्यामुळे वाऱ्यावर भागवावं लागतं. आमच्या मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला पडला, तेव्हा आकाशात यान दिसल्याचं कुणी म्हटलं नाही. वारा जोराचा होता असं वरूनच सांगण्यात आलं. समोरच्या पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला आहे. त्याचं काम १६६४ मध्ये सुरू झालं आणि वारा त्यालाही तेवढाच लागतो.

आता क्रिप्टो मालवणात का टिकणार नाही ते सांगतो. माणसांत वावरताना तो माणसाचं रूप घेतो. हे सोंग टिकवायला शक्ती लागते, आणि ती शक्ती त्याला दुसऱ्याच्या मनातलं वाचून मिळते. वाचलं नाही तर सोंग गळतं. अमेरिकन गावात हे जमतं, कारण तिथली माणसं ओठांत एक आणि पोटात एक ठेवून हसत हात हलवतात. इथे मनातलं वाचायला मनात काही शिल्लक तरी हवं. मालवणी माणूस मनातलं तोंडावर बोलतो, आणि तोंडावर बोलत नाही ते तिठ्यावर बोलतो. क्रिप्टो उपाशी मरेल.

त्यातून सोंग टिकलंच, तर पहिल्या पानपट्टीवर चौकशी सुरू होईल. "खंयचो तू? कोणाचो? वाडी खंयची? आवशीचा म्हायार खंयचा?" काळ्या सुटातल्या गुप्त खात्याला सबंध खेळभर जे साधत नाही, ते इथे चौथ्या प्रश्नाला उरकतं. आणि शेवटी, "येताना काय्येक हाडलंस नाय?"

शिवाय ही जागा आमच्याकडे आधीच भरलेली आहे. माणसांत शिरून धुमाकूळ घालणारा, काळ्या वेषातला, लांब जीभ बाहेर काढलेला वात्रट प्राणी आमच्या जत्रेत दर वर्षी येतो. त्याचं नाव संकासुर. दशावतारात मुख्य आख्यानाआधी आडदशावतार होतो. गणपती येतो, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो, आणि हा त्याचे वेद घेऊन पळतो. देव पोथीतलं मराठी बोलतात, हा मालवणीत उत्तरं देतो. पुढ्यात बसलेल्या गावकऱ्यांचीही सालं काढतो. लिहिलेली संहिता नसते, त्यामुळे मानकऱ्याने यंदा काय खाल्लं हे त्या रात्री सगळ्यांना कळू शकतं. शेवटी विष्णू येऊन त्याचा वध करतो, आणि ते योग्यच आहे, वेद परत मिळायला हवेत. पण पोरं झोप आवरून बसलेली असतात ती विष्णूसाठी नाही. खलनायकाला खेळवण्याची गंमत भाच्याने साडेतीन हजार मोजून घेतली. आम्हाला ती पेटी-मृदुंगावर, देवळाच्या आवारात, खाज्याची पुडी धरून फुकट मिळाली.

फरक एकच आहे. संकासुर ठरल्या रात्री येतो आणि ठरल्या वेळी मरतो. आमच्याकडे जे दिसत नाहीत त्यांच्याशीही करार असतो. गावाला राखणदार असतो, त्याला नारळ असतो, वर्षाचा मान असतो, आणि गाऱ्हाणं घालताना सगळ्यांनी मिळून "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. आईने विचारलं ते म्हणूनच. अमेरिकेत परका आला की रणगाडे जातात. इथे आधी विचारतात की याचं काय राहिलं.

या कराराचं सगळ्यात मोठं कलम मालवण तालुक्यातल्या आचऱ्याला पाहायला मिळतं. साधारण चारेक वर्षांनी श्री देव रामेश्वराचा कौल झाला, म्हणजे पाषाणाला लावलेल्या कळ्यांतून देवाने होकार दिला, की अख्खा गाव तीन दिवस तीन रात्री घर सोडतो. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी वेशीबाहेर. याला गावपळण म्हणतात. शिवेपलीकडे माळावर झोपड्या उभ्या राहतात, चुली पेटतात, रात्री भजनं आणि फुगड्या होतात, आणि गाव त्या अवधीत ज्यांचं आहे त्यांच्या ताब्यात राहतं. चौथ्या दिवशी पुन्हा कौल लावायचा. देवाने होकार दिला तर घरी, नाही दिला तर आणखी एक रात्र माळावर. शिकलेली मंडळी हल्ली याला पर्यावरणाचं कारण देतात, गावाला तेवढीच विश्रांती. म्हाताऱ्यांना विचारलं तर ते म्हणतात, त्येंका पण खेळाक व्हया.

आता कल्पना करा, क्रिप्टो नेमका त्या रात्री आचऱ्यात उतरला आहे. हातात किरणांची बंदूक, पाठीवर उडायचं यंत्र, डोक्यात मेंदूंचा हिशेब. घरांना कुलपं. खळ्यात पालापाचोळा. कुत्रंसुद्धा भुंकत नाही. वरून त्याचा साहेब ऑर्थोपॉक्स विचारतो आहे, किती झाले? आणि हा तुळशीपाशी बसून सांगतो आहे, साहेब, सगळी माणसं संपली, पण मी काहीच केलं नाही. जे काम सहा नकाशांवर किरण पाजळूनही होत नाही, ते इथे पाषाणाला चिकटवलेल्या कळ्यांनी करून दाखवलं.

गावपळण एकट्या आचऱ्याची नाही. चिंदर आणि वायंगणीतही ती होते. आणि वायंगणीवरून आठवलं. तिथल्या आणि शेजारच्या तोंडवळीच्या सड्यावर सरकारने सी वर्ल्ड नावाचा मोठा पर्यटन प्रकल्प आणायचं ठरवलं होतं. शेकडो एकर जमीन लागणार होती. साहेब आले, नकाशे आले, रोजगाराची भाषणं झाली. सोंग उत्तम होतं. गावकऱ्यांनी नाही म्हणून सांगितलं. देवाच्या शब्दावर घराला कुलूप लावून माळावर झोपणारी माणसं सरकारच्या शब्दावर जमीन सोडायला तयार झाली नाहीत, याचं मुंबईत बऱ्याच जणांना आश्चर्य वाटलं. त्यात आश्चर्य ते काय? देव चौथ्या दिवशी घर परत देतो.

भाचा अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी गेला. जाताना म्हणाला, शेवटच्या टप्प्यात अडकलोय, तिथला राक्षस मरतच नाही. आई म्हणाली, नारळ ठेव.

सी वर्ल्ड अजून कागदावर आहे. आचऱ्याला पुढचा कौल होईल तेव्हा माणसं पुन्हा बाहेर पडतील. क्रिप्टोला त्याआधी काही विचारायचं असेल, तर त्याने यान शिवेबाहेर लावावं, चालत देवळात यावं, आणि मधे कुणी "कोणाचो तू?" विचारलं तर खरं सांगावं.