हप्ता कोण भरतो, ग्लेझर बंधू?

श्री. जोएल ग्लेझर आणि श्री. अव्राम ग्लेझर,
सहअध्यक्ष, मँचेस्टर युनायटेड यांस,



तुम्ही कायदा मोडलेला नाही, हे आधीच मान्य करतो. तुमचे वडील माल्कम ग्लेझर यांनी मे २००५ मध्ये क्लब ज्या पद्धतीने घेतला, तिला तेव्हा ना इंग्लंडच्या कायद्याची आडकाठी होती, ना प्रीमियर लीगच्या नियमांची. म्हणून तर तुमच्यावर खटला होत नाही, पत्रच लिहावं लागतं.

पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या माणसाचा मँचेस्टरशी काय संबंध, असं तुम्ही तरी विचारू नका. तो संबंध तुम्ही मोजून विकला आहे. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरताना तुमच्या माहितीपत्रकात क्लबचे जगभरातले ६५ कोटी ९० लाख चाहते दाखवले होते, त्यातले जवळपास निम्मे आशिया-पॅसिफिकमधले. शनिवारी खांदेश्वरला लोकलमधून उतरून घाईघाईने घर गाठणारे, चॅनेलचे पैसे भरणारे, पोराच्या वाढदिवसाला लाल जर्सी आणणारे आम्ही त्या आकड्यात आहोत. आमची संख्या दाखवून तुम्ही टायरवाल्यांपासून बटाटा वेफर्सवाल्यांपर्यंत सगळ्यांना ‘अधिकृत भागीदार’ केलंत. तेव्हा जमाखर्च विचारण्याचा हक्क आम्हाला आहे.

तुम्ही आलात तेव्हा युनायटेडवर कर्ज नव्हतं. क्लबची किंमत लागली सुमारे ७९ कोटी पौंड. त्यातले ५० कोटींहून अधिक उसने होते. त्यातला मोठा भाग क्लबच्याच मालमत्तेवर काढलेला, उरलेला हेज फंडांकडून, १४.२५ टक्के व्याजाने. २०१० मध्ये ते व्याज १६.२५ टक्क्यांवर गेलं. आमच्या कॉलनीत घर घेणारेही कर्जच काढतात, पण हप्ता त्यांच्या पगारातून जातो. तुम्ही घर घेतलंत, तेच घर गहाण टाकलंत आणि हप्ते मात्र त्या घरात आधीपासून राहणाऱ्यांच्या माथी मारलेत.

कर्ज वाईटच असतं, असं मी म्हणत नाही. आर्सेनलनेही मोठं कर्ज काढलं आणि काही मोसम काटकसरीत काढले. पण त्या पैशातून साठ हजार लोकांचं स्टेडियम उभं राहिलं. तुमच्या कर्जातून क्लबला एक वीटही मिळाली नाही. व्याज, परतफेड, शुल्क आणि लाभांश धरून या मालकीपायी क्लबमधून एक अब्ज पौंडांहून अधिक रक्कम बाहेर गेल्याचे अंदाज वेळोवेळी छापून आले आहेत. आणि वीस वर्षं हप्ते भरूनही सुमारे ६५ कोटी डॉलरचं दीर्घ मुदतीचं कर्ज क्लबच्या डोक्यावर आहेच.

पण मला पैशापेक्षा संघाबद्दल बोलायचं आहे. मधल्या फळीबद्दल. संघ कसा बांधला जातो, हे ज्याला कळून घ्यायचं असेल त्याने मधली फळी बघावी.

२००९ च्या उन्हाळ्यात क्रिस्टियानो रोनाल्डो आठ कोटी पौंडांना रेआल माद्रिदला गेला. त्या वर्षीच्या ताळेबंदात नफा दिसला तो या एका विक्रीमुळे, ती नसती तर तोटा होता. कार्लोस तेवेझही गेला. बदल्यात आले विगनचा अँटोनियो व्हॅलेन्सिया आणि करार संपलेला, दुखापतींनी बेजार मायकेल ओवेन. व्हॅलेन्सियाने पुढे दहा वर्षं जीव तोडून क्लबची सेवा केली, त्याला कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. पण युरोपच्या अंतिम सामन्यात नुकत्याच खेळलेल्या संघाची ही डागडुजी होती. प्रशिक्षक सर ॲलेक्स फर्ग्युसन तेव्हा सांगत राहिले की बाजारात मोलाचं काही मिळत नाही. शेजारच्या मँचेस्टर सिटीला पुढच्याच उन्हाळ्यात त्याच बाजारात याया तुरे मिळाला, दाविद सिल्व्हा मिळाला.

युनायटेडने २००७ मध्ये ओवेन हारग्रीव्हज आणि अँडरसन यांना घेतलं. हारग्रीव्हजला दुखापतींनी खाल्लं. त्यानंतर थेट २०१३ पर्यंत मैदानाच्या मध्यात चेंडू राखून खेळ चालवणारा एकही मोठा खेळाडू आला नाही. मे २०११ मध्ये पॉल स्कोल्स निवृत्त झाला आणि आठ महिन्यांत, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्याला बूट घालून परत मैदानात उतरावं लागलं. तो परतला त्याचा मलाही आनंद झाला होता. पण जगातल्या सर्वांत श्रीमंत क्लबांपैकी एकाला निवृत्त माणसाला बोलावून आणावं लागतं, ही त्या क्लबच्या मालकांनी लाज वाटून घेण्याची गोष्ट होती. तो मोसम ८९-८९ गुणांवर संपला आणि विजेतेपद निव्वळ गोलफरकाने सिटीकडे गेलं.

त्याच २०१२ मध्ये एकोणीस वर्षांचा पॉल पोग्बा करार संपवून जवळजवळ फुकट युव्हेंटसला गेला. त्यात त्याच्या एजंटचं आणि सर ॲलेक्स यांचं भांडणही होतं, सगळा दोष तुमच्यावर टाकणं खोटेपणाचं होईल. पण चार वर्षांनी त्याच मुलाला तुम्ही आठ कोटी ९० लाख पौंड मोजून परत आणलंत, तेव्हाचा जागतिक विक्रम. हातातलं फुकट घालवायचं आणि तेच सर्वांत महाग घ्यायचं, हा हिशेब ‘हुशार व्यापारी’ म्हणवणाऱ्यांनी एकदा आम्हाला समजावून सांगावा.

फर्ग्युसन नावाच्या एका माणसाने संघातलं हे भगदाड आठ वर्षं स्वतःच्या अंगाने झाकलं. तुमच्या कर्जाच्या काळातही त्यांनी पाच वेळा लीग जिंकली आणि २००८ मध्ये युरोपचा करंडक आणला. २०१३ मध्ये ते निवृत्त झाले, मुख्याधिकारी डेव्हिड गिलही त्याच वेळी गेले आणि फुटबॉलचे व्यवहार आले एड वूडवर्ड यांच्या हाती. क्लब ताब्यात घेताना तुम्हाला सल्ला देणाऱ्या जेपी मॉर्गनमधले ते बँकर. त्यांच्या पहिल्याच उन्हाळ्यात मारुआन फेलाइनीला सोडवण्याची करारातली रक्कम भरण्याची मुदत जुलैअखेर उलटू दिली गेली आणि मग खेळाडू-खरेदीची खिडकी बंद होण्याच्या रात्री सुमारे ४० लाख पौंड जास्त देऊन तोच खेळाडू घेतला गेला. गतविजेता संघ त्या मोसमात सातवा आला.

तुम्ही म्हणाल, २०१३ नंतर आम्ही खर्च केला की. केलात, अफाट केलात. तो पैसाही क्लबनेच कमावलेला होता, तुमच्या खिशातला नव्हता. आणि खर्च करणं म्हणजे संघ बांधणं नव्हे. संघ बांधायला सलग काही वर्षं एका विचाराने माणसं निवडावी लागतात, दोन मोसम पडती बाजू सोसावी लागते. कर्जाच्या तारखा सांभाळणाऱ्या मालकाला तेवढी सवड नसते. दरवर्षी चॅम्पियन्स लीगचा पैसा आलाच पाहिजे. २०१४ मध्ये आदिदासशी केलेल्या ७५ कोटी पौंडांच्या करारात तर सलग दोन मोसम ती स्पर्धा हुकली तर रक्कम तीस टक्क्यांनी कापण्याची अट होती. अशा धास्तीत माणूस रोप लावत नाही, तयार फळ विकत घेतो. म्हणून एका वर्षात निघून गेलेला आंखेल दी मारिया. म्हणून अलेक्सिस सांचेझ. म्हणून तिशीतला कासेमिरो.

फर्ग्युसन यांच्यानंतरचे प्रशिक्षक बघा: मोयेस, व्हॅन गाल, मोरिन्यो, सोलशेअर, रँगनिक, टेन हाग, अमोरिम. प्रत्येकाची खेळाची पद्धत वेगळी, प्रत्येकाच्या मागण्या वेगळ्या. टेन हाग यांना आयॅक्सचा अँटनी हवा होता म्हणून २०२२ मध्ये त्याच्यावर आठ कोटी पौंडांहून अधिक मोजले. अमोरिम आले ते अँटनीसारख्या विंगरला जागाच नसलेली पद्धत घेऊन, आणि जानेवारी २०२५ मध्ये तो बेटिसला उसना गेला. या सगळ्या गोंधळावर नजर ठेवणारा फुटबॉल संचालक तुम्ही नेमलात तो मार्च २०२१ मध्ये, ताबा घेतल्यानंतर जवळपास सोळा वर्षांनी! २०२४-२५ मध्ये युनायटेड पंधरावा आला, अवघे ४२ गुण. १९७४ ला संघ खालच्या श्रेणीत गेला, त्यानंतरची ही सर्वांत वाईट कामगिरी.

क्लबच्या मैदानाचीही तीच कथा. ओल्ड ट्रॅफर्डचा शेवटचा मोठा विस्तार २००६ मधला. मे २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्यानंतर छतातून पाण्याचे लोट कोसळताना साऱ्या जगाने पाहिले.

कर्ज आणि मैदान एकत्र आले की काय होतं, हे आम्हाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. पुण्याचा डीएसके शिवाजियन्स आय-लीगचे दोन मोसम खेळला, लिव्हरपूलच्या नावाची अकॅडमी चालवायचा. २०१७ मध्ये मालक उद्योगसमूह आर्थिक संकटात सापडला आणि त्याच वर्षी संघही संपला. आमच्या पनवेलमध्ये कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला. बनावट कर्जखात्यांतून वळवलेला पैसा कर्नाळा स्पोर्ट्स अकॅडमीतही गेला, असा ईडीचा आरोप आहे आणि अकॅडमीची मालमत्ता जप्त झाली आहे. तुमचा व्यवहार तसा नाही, तो कायद्यात बसणारा आहे, हे वर म्हटलंच आहे. पण वरची माणसं कागद फिरवतात आणि झळ कुणाला लागते, ते इथल्या ठेवीदारांना विचारा.

अव्राम, तुम्ही तर आमच्या दारापर्यंत येऊन गेलात. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयपीएलच्या नव्या संघांसाठी तुमच्याकडूनही बोली होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तुम्ही दोघांनी क्लबला फुटीर युरोपियन सुपर लीगमध्ये नेऊन दोन दिवसांत माघारी आणलं होतं आणि २ मेला संतापलेले चाहते मैदानात घुसल्यामुळे लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला होता. आयपीएलचा संघ मिळाला नाही, हे आमचं भाग्य.

फेब्रुवारी २०२४ मध्ये उद्योगपती सर जिम रॅटक्लिफ यांनी शेअरमागे ३३ डॉलर देऊन क्लबचा चौथा हिस्सा घेतला. मैदानासाठी म्हणून त्यांनी ३० कोटी डॉलर वेगळे ओतायचं ठरवलं, पण शेअरच्या विक्रीचा मोठा वाटा तुमच्या कुटुंबाला मिळाला. त्यानंतर सुमारे २५० कर्मचारी घरी गेले, पुढच्या वर्षी आणखी २०० पर्यंत नोकऱ्यांवर गदा आली, उरलेल्यांचं मोफत जेवण बंद झालं. व्याजाचा एकही हप्ता चुकला नाही.

शेजारच्या सिटीच्या मालकाने क्लबला दिलेलं ३० कोटी पौंडांहून अधिक कर्ज शेअरमध्ये बदलून टाकलं. अबूधाबीचा पैसा मला पवित्र वाटत नाही, त्याबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल. पण तो बोजा त्यांनी क्लबवर ठेवला नाही.

तुम्हीही तेच करा. रॅटक्लिफ यांच्याकडून मिळालेल्या पैशातून ते ६५ कोटी डॉलर फेडून टाका. तुमच्या वडिलांच्या खरेदीपासून चालत आलेलं ते ओझं आहे, क्लबचं नाही. फेडायचं नसेल तर उरलेले शेअर विका आणि घेणाऱ्याकडून एवढीच अट लिहून घ्या की खरेदीची रक्कम तो क्लबच्या नावावर चढवणार नाही. आकडा जाहीर करा, तारीख जाहीर करा. आम्ही वाट पाहतो आहोत.

आपला,
मँचेस्टर युनायटेडचा एक पाठीराखा
खांदा कॉलनी, नवीन पनवेल