अठरा तारांचे अण्णा

गिटार वाजवता येत नाही, ही अण्णांना कधी अडचण वाटलीच नाही. त्यांना गिटार बनवायची होती. तीही साधी नव्हे, दोन मानांची: वरच्या मानेवर बारा तारा, खालच्या मानेवर सहा. कारकुनीतून निवृत्त झालेल्या माणसानं एरवी नीळकंठेश्वराच्या देवळापाशी बसून सरकारचं चुकतं कुठं ते सांगावं. अण्णा भर उन्हात व्हर्नियर कॅलिपर घेऊन निलंगाभर हिंडत. गावानं ते मनावर घेतलं नाही. शेतात गवत उगवून शिवाजी महाराजांची भव्य प्रतिमा साकारलेली ज्या गावानं २०१९ मध्ये पाहिली, त्याला एका गिटारीचं काय!

दोन माना लागतातच कशाला? लेड झेपलिनच्या जिमी पेजला लागत होत्या. ‘स्टेअरवे टू हेवन’ मंचावर वाजवताना बारा तारांवरून सहा तारांवर यायचं आणि गिटार बदलायला सवड नाही, म्हणून १९७१ पासून तो गिब्सनची ईडीएस-१२७५ गळ्यात अडकवू लागला. अण्णांना येत होत्या तीन कॉर्ड. त्या एका मानेवर मावून वर जागा उरत होती. पण हे त्यांच्यापुढं बोलायची सोय नव्हती. लगेच ते आकृती काढायला कागद मागत.

लाकूड मात्र त्यांच्याकडं अव्वल होतं. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आमच्या भागानं दगडमातीच्या जड माळवदांची धास्ती घेतली. तेव्हा उतरवलेल्या एका घराची सागाची तुळई अण्णांनी घेऊन ठेवली होती. कशासाठी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या छताखाली वाळलेलं लाकूड पिळवटत नाही, हा त्यांचा सिद्धांत खरा होता. तुळईच्या पोटात जुने खिळे होते, हेही खरं होतं. ते सुताराच्या रंध्याला आधी कळलं.

पट्ट्यांच्या खाचा पाडताना मात्र सुतार आणि अण्णा यांच्यात शास्त्रीय मतभेद झाला. तारेची उरलेली लांबी १७.८१७ नं भागायची, येईल तेवढ्यावर पुढची पट्टी. असं करत बाराव्या पट्टीला तार बरोबर निम्मी होते आणि स्वर एक सप्तक वर जातो. पावणेपंचवीस इंचांच्या तारेला पहिली पट्टी येते ३५.२८ मिलिमीटरवर. जन्मभर सुतात मोजणाऱ्या कारागिराला अण्णांनी हा आकडा सांगितला. तो म्हणाला, “अण्णा, वरचं जे पॉइंट अठ्ठावीस म्हणायलाव, त्याच्याहून माझी पेन्सिलीची रेघ जाड हाय.” शेवटी अण्णांनी ब्लेडनं रेघा मारल्या आणि सुतारानं, डोळे मिटून घ्यावेत असं वाटत असताना, करवत चालवली.

सहा तारा मिळून मानेवर चाळीस-पंचेचाळीस किलोंचा ताण देतात. बारा असल्या की विचारू नका. मान वाकू नये म्हणून तिच्या आतून पोलादी सळई जाते, ती नटानं कमी-जास्त आवळायची. लेथवाल्यानं सळईला आटे पाडून दिले आणि विचारलं, “कोणत्या ट्रॅक्टरची?” अण्णांनी खरं उत्तर दिलं. त्यानं पैसे आगाऊ घेतले.

पिकअपसाठी चुंबकाभोवती केसाएवढ्या तारेचे पाच-पाच हजार वेढे द्यायचे होते. बोअरच्या मोटारी भरणाऱ्यानं तार पाहिली, पुन्हा पाहिली, आणि “ही काय डासाची मोटार भरायलाव का?” असं विचारून चहा मागवला. मग अण्णांनी घरातलं पायाचं शिलाई मशीन ताब्यात घेतलं. वेढे मोजायला कॅल्क्युलेटरच्या ‘बरोबर’ या बटणाला दोन वायरी जोडल्या. प्रत्येक फेऱ्याला आकडा एकानं वाढे. हे यंत्र पाहायला लोक येऊ लागले. काकूंचे ब्लाऊज पाहायला येणाऱ्या बाया मात्र परत जात.

काकूंनी मशीनबद्दल फार तक्रार केली नाही. त्यांची हरकत मुळावरच होती. १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’मध्ये मिथुनची आई गिटारीचा शॉक लागून मरते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. “अहो, घरात लेकरंबाळं आहेत,” एवढंच त्या म्हणत. पिकअपमधून येते ती वीज मिलिव्होल्टमध्ये, धोका असलाच तर अँप्लिफायरच्या अर्थिंगचा, हे अण्णांनी परोपरीनं समजावलं. अखेर अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा घालून अर्थिंग केलं. गिटारीमुळं झालेलं पहिलं उपयोगी काम ते. फ्रिजला हात लावल्यावर येणाऱ्या मुंग्या बंद झाल्या.

एवढं झाल्यावर तज्ज्ञाची पावती हवीच. अण्णा गिटार सतरंजीत गुंडाळून मिरजेला गेले, सतारमेकरांच्या गल्लीत. मिरजेच्या सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा न्याय होईल तर तिथंच. एका वयस्क कारागिरानं गिटार निरखली, पट्ट्यांवरून बोट फिरवलं, काम स्वच्छ असल्याचं सांगितलं आणि तारा मोजल्या. “अठरा. तरफा धरून आमच्या सतारीलाही इतक्या असतात. पण आम्ही एकाच दांडीवर बसवतो.” ही गोष्ट अण्णा स्वतः सांगतात, आणि दर वेळी त्यात कारागिराचं कौतुक वाढवत नेतात.

गणपतीत मंडळानं त्यांना मंचावर बोलावलं. बारा तारांच्या सहा जोड्या; चार जोड्यांत एकीला दुसरीच्या सप्तकभर वर ठेवायचं. एक ताणली की मान किंचित वाकते आणि बाकीच्या उतरतात. अण्णा लावत राहिले. लोकांना वाटलं, हाच कार्यक्रम आहे. आरतीची वेळ झाली तेव्हा टाळ्याही पडल्या. मागून कुणीतरी “मांडूळ, मांडूळ!” असं ओरडलं, तेही कौतुकानंच.

दुसऱ्या दिवशी बँडवाला घरी आला. लग्नसराईत पुढं चालायला त्याला असंच काहीतरी हवं होतं. वाजवायची गरज नाही, सूर कीबोर्डवाला देईल; अण्णांनी फक्त फेटा बांधून ही गळ्यात अडकवायची. वर जेवण. आता अण्णा अपमान झाल्यासारखे उठतील, म्हणून काकूंनी चहाचा ट्रे दारातच थांबवला. अण्णांनी आठ किलोंच्या त्या गिटारीकडं पाहिलं, खांद्याला हात लावला आणि विचारलं, “वरात किती लांब जाती?”