खाकीतले साहेब

ताडोबाला भडक कपडे घालून जाऊ नये, असं सगळेच सांगतात. मी ते जरा जास्तच मनावर घेतलं. खाकी पँट, हिरवट टोपी, जाड बूट आणि खाकी शर्ट. शर्टाला खिसे इतके, की चष्मा नेमका कुठल्या खिशात ठेवला याचा तपास स्वतःच स्वतःची झडती घेऊन करावा लागे. "मे महिन्यातलं चंद्रपूर आहे, उकडून निघाल," एवढंच बायको म्हणाली.

चंद्रपूर स्टेशनापासून मोहर्ली गेट तिसेक किलोमीटर. टॅक्सीवाल्याने भाडं सांगितलं आणि मला एकाएकी एसटीचा उमाळा आला. बस खच्चून भरली होती. तरीही मी चढताच एक म्हातारबा उठले, "बसा साहेब" म्हणाले. वैदर्भीय अगत्याबद्दल ऐकून होतो. बसलो.

दुर्गापूरच्या वीजकेंद्राची धुरांडी मागे पडली, तशी शेजारच्या मावशींनी पिशवीतून घड्या पडलेला कागद काढला. "साहेब, वाघानं आमचा गोऱ्हा मारला न जी. पंचनामा होऊन गेला. पैसे कधी भेटन?"

अगत्य माझं नव्हतं, खाकीचं होतं. खरं सांगायला तोंड उघडलं. पण खरं सांगितलं की उठावं लागणार, आणि मोहर्ली अजून लांब. मी कागद घेतला. गोऱ्ह्याचं वय, मानेवरच्या दातांच्या खुणा, खाली पंचांच्या सह्या आणि अंगठे. साहेबाला शोभेल अशा आवाजात "हं" म्हणालो. त्या एका "हं"ने घात केला. मागच्या बाकावरून रानडुकरांनी नासवलेल्या धानाचं प्रकरण पुढे सरकलं. पाठोपाठ मोहफुलांचं. फुलं वेचायला पहाटेच जावं लागतं, आणि वाघही तेव्हाच हिंडतो. तर साहेबांनीच सांगावं, बायांनी करावं काय?

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. सुटका कंडक्टरने केली. मी तिकिटाचे पैसे काढले, तेव्हा तो म्हणाला, "डिपार्टमेंटचे नाही का जी तुम्ही?"

"नाही हो. सफारीला आलोय."

मावशींनी कागद माझ्या हातातून काढून घेतला. "पैसे देऊन वाघ पाहाले आले? आमच्या गोठ्यावर यायचं होतं, फुकटात दिसला असता." सगळी बस हसली. मी उठून म्हातारबांना जागा देऊ केली. ते निमूटपणे बसले, जराही आढेवेढे न घेता.

गेटवर पुण्याच्याच एका गृहस्थाने परमिट आणि सगळ्या कुटुंबाची आधार कार्डं माझ्या हातात ठेवून "आमची जिप्सी कुठली?" असं दरडावून विचारलं. मी त्यांना शोधून दिली. एव्हाना सवय झाली होती.

1955 साली राष्ट्रीय उद्यान झालेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं जंगल. त्याचं नाव गोंडांच्या तारू देवावरून पडलं. तारू हा गावचा प्रमुख. वाघाशी झुंजताना गेला, त्याचं ठाणं तळ्याकाठी आहे. गाइड हे सांगत असतानाच सांबराचा कॉल आला. ड्रायव्हरने जिप्सी अशी पिटाळली, की माझी टोपी मागच्या काकूंच्या मांडीवर जाऊन पडली. एका बांबूच्या बेटासमोर आधीच जिप्स्यांची जत्रा भरली होती. "दिसला, दिसला! डावीकडे!" सगळे उभे राहिले. मीही राहिलो, आणि एकेक खिसा चाचपू लागलो. वरच्या डाव्या खिशात गोळ्या. खालच्या उजव्या खिशात लिमलेट. चष्मा मांडीवरच्या खिशात सापडला, तोवर बांबू हलायचे थांबले होते.

"काय मस्त होता ना काका?" शेजारची मुलगी म्हणाली.

"वा!" मी म्हणालो.

सफारीत मोबाइल न्यायला बंदी आहे. ज्याने कुणी हा नियम केला, त्याचे माझ्यावर फार उपकार आहेत. फोटो कुणी मागतच नाही. सोसायटीत पहिल्यांदा सांगितलं तेव्हा वाघ बांबूत बसला होता. गणपतीपर्यंत त्याने रस्ता ओलांडला आणि दिवाळीत तो जिप्सीच्या बॉनेटला अंग घासून गेला. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी मध्येच विचारलं, "नर होता की मादी?"

"पाठमोरा होता," मी म्हटलं, "विचारायचं राहिलं."