पावणेबाराच्या मावशी

मालिशवाल्या मावशींना वेळ विचारायची नसते. त्या देतील ती घ्यायची असते. सकाळचे आठ ते दहा आधीच्या बाळंतिणींनी सातव्या महिन्यातच अडवून ठेवलेले असतात. तुमच्या वाट्याला पावणेबारा येतात. मग साडेअकरापासून घरात 'पाणी तापलं का?' याखेरीज दुसरा विषय निघत नाही.

मावशी साडी वर खोचतात, न्हाणीघरात पाटावर बसतात आणि पाय लांब सोडतात. त्या दोन नडग्यांच्या खोबणीत बाळ पालथं पडलं, की जावयाने हौसेने मागवलेला बेबी टब बाल्कनीत जातो. पुढे त्यात कोथिंबीर बरी येते.

जावई रविवारी थर्मामीटर घेऊन येतो. पाणी 37 अंशांच्या आसपास हवं, असं त्याने वाचलेलं असतं. मावशी पाण्यात कोपर बुडवतात आणि फर्मावतात, "तांब्याभर गार घाला." थर्मामीटर नंतर तेच सांगतो. (डॉक्टरही पाणी कोपरानेच बघायला सांगतात. हे मावशींच्या कानावर कुणी घालू नये.)

मग खोबरेल तेल. पाठ रगडायची, उजवा हात डाव्या पायाला भिडवायचा, टाळूवर तेल थापायचं. बाळ भोकाड पसरतं, बाळंतीण दाराआड रडवेली होते. मावशी म्हणतात, "रडू दे, छाती भरते." पण त्यांचा जीव खरा रमतो तो नाकात. ओढून नाकाचा आकार बदलत नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं असतं. पण डॉक्टर दवाखान्यात असतात आणि नाक मावशींच्या चिमटीत. "बसकंच आहे. बापाकडचं दिसतंय," त्या निकाल देतात. बाप टॉवेल धरून समोरच उभा असतो. आजीला हे आधीच वाटत होतं, फक्त बोलायचं कुणी हा प्रश्न होता.

डाळीचं पीठ आणि साय चोळता चोळता बातम्या निघतात. "तिसऱ्या मजल्यावरच्यानं कालच मान धरली हो!" घर हवालदिल. आपलं बाळ वीस दिवसांचं आणि मान लटपटतेय! तिसऱ्या मजल्यावरचं तीन महिन्यांचं आहे, हे मावशी उद्या सांगतात. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी आपल्या बाळाच्या जावळाचं कौतुक करून तिथलीही झोप उडवलेली असते, एवढंच समाधान.

शेवटी निखाऱ्यावर ओवा, शेपा, वेखंड पडतात. बाळाला धुरी, आजोबांना ठसका. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ मात्र तीन-तीन तास झोपतं, आणि ज्या घराला रात्रभर डोळा लागलेला नसतो ते घर मावशींना सगळं माफ करतं. सव्वा महिन्याने निरोपाची साडी हातात पडते. मावशी काठ उलटून बघतात. "रंग बरा आहे."

तुमच्याकडे पाळणा हलणार असेल, तर मावशी जरूर लावा. मात्र दोन बाबतींत हटू नका. धुराने बाळाच्या श्वासाला त्रास होतो, आणि नाकाकानांत तेल सोडणं धोक्याचं. हे मावशींना सांगायला फक्त आजोबांना पाठवू नका. आमच्याकडचे गेले होते, ते शेगडीला वारा घालत बसले.