दुसऱ्या अल्बमचा मेटलवाला

काळा टी-शर्ट हा त्याचा बारमाही गणवेश. मे महिन्यात रंकाळ्यावर माणसं सावली शोधत फिरतात, हा काळ्या टी-शर्टात भर उन्हात उभा. छातीवर बँडचं नाव असतं, पण ते कुणाला वाचता येऊ नये अशी मेटलच्या जगाची रीतच आहे. शिवाजी पेठेतली आज्जी निरखून बघते आणि विचारते, "झाडाच्या मुळ्या छापल्यात व्हय रं?"

पहिल्या अल्बमच्या वेळी 'पोरगं हौशी आहे' म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. आता दुसरा काढतोय म्हटल्यावर घर गंभीर झालं आहे.

वडिलांची शिरोलीला फौंड्री. "एवढा आवाज आवडतोय तर फौंड्रीत ये की," हा त्यांचा साधा हिशेब. त्यावर मेटलवाला त्यांना बर्मिंगहॅमची कथा ऐकवतो. 'ब्लॅक सॅबथ'चा टोनी आयोमी तिथं पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीनखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. गडी डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटंच नेमकी गेली. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढं त्या सैल सोडल्या आणि जगाला तो जडशीळ आवाज मिळाला. वडील शांतपणे सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, "मशीनला गार्ड नव्हतं वाटतं."

आईची काळजी वेगळी. पोरगा खोलीत गुरगुरायला लागला की ती ज्येष्ठमधाचा काढा ठेवते. घसा बसलेला नाही, ही गायकीच आहे, हे तिला अजून पटलेलं नाही.

तालमीची जागा म्हणजे गच्चीवरची खोली, भिंतींना जुन्या गाद्या आणि अंड्यांचे ट्रे. रात्री दहाच्या ठोक्याला शेजारचे काका दार वाजवतात आणि 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम समजावून सांगतात. विसर्जन मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीपुढं सगळ्यात आधी रुमाल फिरवणारे तेच काका.

"अल्बम कधी?" असं मिसळीच्या टेबलावर कुणी विचारलं की तो इतिहास उघडतो. मुंबईच्या 'डिमॉनिक रिसरेक्शन'चा पहिला अल्बम 2000 मध्ये आला, दुसरा, 'अ डार्कनेस डिसेंड्स', 2005 मध्ये. त्यांचा साहिल मखिजा यूट्यूबवर 'हेडबँगर्स किचन' नावानं स्वयंपाकही शिकवतो, हे सांगताना तो रश्श्याची वाटी पुन्हा पुढं करतो. मुंबईच्याच 'स्क्राइब'चा 'कन्फेक्ट' 2008 चा, 'मार्क ऑफ तेजा' 2010 चा. त्यातला तेजा म्हणजे 'अंदाज अपना अपना'मधला. दिल्लीच्या 'ब्लडीवूड'चा 'रक्षक' 2022 मध्ये, 'नू दिल्ली' 2025 मध्ये. "सरासरी काढ भावा. आपलं वेळेतच चाललंय!"

'ब्लॅक सॅबथ'चा पहिला अल्बम 1970 च्या फेब्रुवारीत आला आणि दुसरा त्याच सप्टेंबरात, हे मात्र तो हिशेबात धरत नाही. कुणी आठवण करून दिलीच, तर आणखी एक पाव मागवतो.

खरी अडचण इतिहासाची नाहीच. बेसवाला हिंजवडीत नोकरीला लागलाय आणि त्याचे तुकडे मेलवर येतात, तेही मॅनेजर रजेवर असला तर. ड्रमरचं लग्न ठरलंय. अल्बमचं नाव तीनदा बदललं, पण मुखपृष्ठ पहिल्याच नावाचं छापून बसलंय. यावरही त्याच्याकडं दाखला तयार आहे. सॅबथच्या त्या दुसऱ्या अल्बमचं नाव आधी 'वॉर पिग्ज' ठरलं होतं. पुढं, थोडी जागा भरायची म्हणून घाईत रचलेलं 'पॅरानॉइड' गाणं गाजणार असं दिसल्यावर कंपनीनं तेच नाव दिलं. मुखपृष्ठावरचा ढाल-तलवारवाला गडी तसाच राहिला. "त्यांचं चाललं, मग आपलं का न्हाई?"

तर अल्बम येतोय. आला की हा तुम्हाला गाठणार आणि "ऐकलास काय?" असं विचारणार. नुसतं "लई भारी" म्हणून सुटू नका, तो लगेच "कुठलं गाणं?" विचारतो. निदान तिसऱ्या गाण्याचं नाव पाठ ठेवा आणि जमलं तर एक काळा टी-शर्ट विकत घ्या. ड्रमच्या माईकचं भाडं अजून द्यायचं राहिलंय.